शेताची दोन टोकं

हे लिहावं की नाही, या विचारात माझे बरेच दिवस गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि पायरी चढली म्हणून लिहिता येतं असं नाही, हेही मला ठाऊक आहे. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते आमचे सर समोर असते, तर त्यांनी मला पहिल्याच ओळीला थांबवलं असतं. "माझ्याबद्दल लिहितोस ते ठीक. पण लिहिलेलं मला बरोबर वाटतं का, हे विचारलंस?" विचारायला ते आता भिवंडीत नाहीत. त्यामुळे काही चुकलं तर ते माझ्या कच्चेपणाचं समजावं, त्यांचं नव्हे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांना नावाची गरज नाही. एका रानटी जनावराच्या कायद्यावरून त्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं नातं तुटायला आलं होतं, आणि तेही भर सभेत, आमच्या डोळ्यांदेखत. त्या सभेत मीही बोललो होतो. एवढाच माझा अधिकार.

सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. कोल्हापूरच्या वरच्या अंगाला, राधानगरीच्या डोंगरात त्यांचं गाव. नोकरीसाठी भिवंडीत आले आणि नारपोलीत एका यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्यावरची खोली भाड्यानं घेऊन राहिले. खाली लूमची खडखड, वर ते. एवढ्या आवाजात कोणी शिकलेला माणूस स्वतःहून राहील यावर कोणाचा विश्वास बसत नसे. विचारलं की म्हणायचे, "इथं ओरडून उपयोग नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळं माणसं कानाशी येऊन नेमकं तेवढंच बोलतात. असं दुसरं गाव मला दाखव."

ते खरं होतं. लूमवर नवा माणूस आला की तो ओरडतो. जुना कारागीर ओरडत नाही. तो जवळ येतो, आवाज खाली घेतो आणि खडखडीच्या खालून बोलतो. सर हे आमच्यापेक्षा चांगलं शिकले होते. आम्ही त्यांना कधी ओरडताना ऐकलं नाही. राग आला की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा, आणि वर्गात आम्ही घाबरून पुढे वाकायचो.

पुढे वाकायचो म्हणजे खरं तर मागे कान द्यायचो. कारण सर वर्गात समोर उभे राहत नसत. फळ्यावर विषय लिहून ते मागच्या भिंतीपाशी जात आणि तिथून शिकवत. आम्ही नुसत्या फळ्याकडे बघत बसायचो आणि आवाज पाठीमागून यायचा. हजेरीही तशीच. नंबर नाही, आडनाव नाही. मागून नुसतं नाव आणि "आहेस का?" त्याला "हजर सर" किंवा "प्रेझेंट" चालत नसे. "आहे" म्हणायचं. कोणी "यस सर" म्हणालं की ते पुन्हा विचारत, "आहेस का?" आणि तो मुलगा "आहे" म्हणेपर्यंत पुढे जात नसत. माझे वडील एकदा फी भरायला आले तेव्हा त्यांनी हा प्रकार दारातून पाहिला. घरी, आमच्या कोन गावाला जाताना म्हणाले, "तुजा मास्तर मानूस भला हाय. पन त्याचा येक इस्क्रू ढिला हाय."

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा नियम. "आधी त्याचं, मग आपलं." वादात उतरायचं असेल तर आधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं मांडायची. ती ऐकून समोरचा "होय, हेच" म्हणाला तरच आपली बाजू बोलायची मुभा. तो "नाही" म्हणाला तर पुन्हा मांडायची. तरीही "नाही" म्हणाला तर खाली बसायचं. कॉलेजातल्या वादविवाद मंडळात हा नियम आम्हाला पाठ झाला होता, पण सर तो बाहेरही चालवत.

त्यांच्या इमारतीत खाली एकच नळ. एका सकाळी त्या नळावर एक उत्तर प्रदेशचा कारागीर आणि आमच्याच पट्ट्यातली एक बाई यांचं जुंपलं. बादल्या आपटल्या गेल्या. सर मधे उभे राहिले आणि कारागिराला म्हणाले, "पहले इनकी बात तुम बोलो."

तो म्हणाला, "इनको जल्दी पानी मंगता, क्योंकि ये जल्दी उठती है।"

बाई म्हणाली, "न्हाय. तसा न्हाय."

"इनका बच्चा स्कूल जाता है, इसलिए।"

"न्हाय. माज्या सासूला..." बाई बोलायला लागली, तर सरांनी तिला थांबवलं. "तुम्ही सांगायचं नाही. त्याला सापडू दे."

त्याला सापडेपर्यंत नळाचं पाणी गेलं. दोघांच्या बादल्या रिकाम्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि मग दोघांनी मिळून सरांना जे सुनावलं ते मला इथे लिहिता येणार नाही. पण ती दोघं नळावर पुन्हा भांडली नाहीत. कारखान्याचे मालक आणि सरांचे घरमालक, आम्ही त्यांना शेठच म्हणायचो, कोकणी मुसलमान, पिढ्यान् पिढ्या भिवंडीतले. ते वरून बघत होते. म्हणाले, "मास्तर, तुमचा कायदा चांगला हाय. फक्त नळाला लावू नका. नळ तुमच्यासाठी थांबत नाय."

सरांचं तिसरं वेड म्हणजे गवा. आम्ही भिवंडीची मुलं. आम्हाला म्हैस माहीत, ट्रक माहीत. गवा त्यांनी आम्हाला वर्गात दाखवला. "रेडा नव्हे, बैल नव्हे. काळाभोर पहिलवान, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे." तो नाकातून कसा फुसकारतो ते ते मागच्या भिंतीपाशी करून दाखवत आणि पुढच्या बाकावरच्या मुलीसुद्धा दचकत. कळपाच्या पुढे नर नसतो, म्हातारी गाय असते, हे सांगताना त्यांना विशेष आनंद व्हायचा. "ती उभी राहते, ऐकते, आणि ठरवते. तिच्यामागे सगळे."

लहानपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ शेत राखायचे. जंगलाला लागून भात आणि नाचणी. एक भाऊ वरच्या टोकाला, एक खालच्या. सूर्य डोंगराआड गेला की थोरला वरून हाक द्यायचा, "हाईस का रं?" धाकटा खालून ओरडायचा, "हाय!" पुन्हा थोड्या वेळानं तसंच. "म्हातारीला दोन्ही बाजूंना माणूस आहे असं कळलं की ती वळते," सर सांगायचे. "आवाज एकाच बाजूनं आला, तर ती त्या आवाजाला वळसा घालून पिकात शिरते. फार हुशार बाई." आम्ही हसायचो. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की तिच्यात काही दडलंय असं कोणाला वाटलं नाही. मला वाटतं, सरांनाही नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा पेपरांतून गव्यांवर वाद पेटला. गव्याला मारायची कायद्यानं बंदी होतीच. पण डोंगराकडच्या गावांचं म्हणणं होतं की कळप पिकं तुडवतात, माणसावर येतात, तर निदान शेतात शिरलेला गवा मारायची परवानगी द्या. शहरातली निसर्गप्रेमी मंडळी म्हणत होती की एकदा का दार किलकिलं केलं तर कळप राहणारच नाहीत. ठाण्याच्या अशाच एका मंडळाच्या बाई सरांकडे आल्या. त्यांचं म्हणणं, भिवंडीत जाहीर सभा घेऊ, दोन्ही बाजू होऊ द्या, शेवटी कायदा आहे तसाच राहावा म्हणून लोकांच्या सह्या घेऊ. तुम्ही त्या भागातले, तुमच्या तोंडून ऐकलं तर लोक मानतील.

सर लगेच हो म्हणाले. अध्यक्ष म्हणून त्यांनी शेठना धरलं. शेठ म्हणाले, "इथे दंगल झाली तेव्हा माणसाला कोणी संरक्षण दिला नाय. तुम्ही गव्याला द्यायला निघालात?" पण त्यांनी शाळेचा हॉल मिळवून दिला, आणि शुक्रवार ठरवला. शुक्रवारी लूम बंद असतात. भिवंडीत सभा घ्यायची तर त्याच दिवशी ऐकू येते.

कायद्याच्या बाजूनं सर बोलणार. विरोधात मी. का मी, तर माझ्या वडिलांचं कोनला भाताचं शेत होतं आणि ते लूमवर शिफ्ट करून उरलेल्या वेळात ते राखत. आमच्याकडे गवे नाहीत, डुकरं आहेत. "तुझ्या वडिलांना विचार," सर म्हणाले. मी विचारलं. वडील जेवत होते. घास गिळून म्हणाले, "पिकात जनावर शिरला का मानूस कायदा बगत न्हाय. आनि येकला मानूस त न्हायच न्हाय."

मी ते वहीत लिहिलं, पण शेवटचं वाक्य सोडून दिलं. मुद्दा म्हणून ते मला कुठे बसवावं कळेना.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मी माझं भाषण दाखवायला नारपोलीला गेलो. खाली लूम जोरात चालू. वर खोलीत सरांसमोर एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. धोतर, डोक्याला पटका, सरांसारखीच लांब हनुवटी. सरांनी खुणेनं मला बसायला सांगितलं आणि त्या माणसाकडे हात करून ओठ हलवले. "आण्णा," एवढं मला कळलं. थोरले भाऊ. मी नमस्कार केला.

सर त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी विचारत होते. मला शब्द ऐकू येत नव्हते. आण्णा नुसते जमिनीकडे बघत होते. सरांनी पुन्हा तेच विचारलं, तसंच, खालच्या आवाजात. आण्णांचा चेहरा तांबडा झाला. लूमच्या गावात ते पहिल्यांदाच आले असावेत. ऐकू जावं म्हणून त्यांनी छातीतून आवाज काढला, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत आण्णांचं वाक्य इमारतभर घुमलं.

"मीच काढलाय बार!"

खालून एक कारागीर हसला, दुसऱ्यानं विचारलं, "क्या बोला?" जिन्यावर पावलं वाजली. शेठ दारात उभे होते. त्यांनी तिघांकडे पाहिलं, आणि ते सरांना म्हणाले, "पाहुण्यांना सांगा मास्तर, आमच्याकडे लूम चालू असताना मोठ्यानं बोलायचं नाय. कधी बंद होतील भरवसा नाय." मग वळता वळता, "मी काय ऐकला नाय." आणि खाली गेले.

मला उठून जावंसं वाटत होतं, पण मधे आण्णांचे पाय होते. मग मला जे कळलं ते असं. आण्णांकडे पीक राखायची परवान्याची बंदूक होती. त्यांच्या शेताखालच्या ओढ्यात एक गवा मेलेला सापडला. त्यांच्यावर खटला होता. वकिलानं सांगितलं होतं, बंदूक नादुरुस्त होती, चालतच नव्हती, एवढंच धरून बसायचं. आणि इथे त्यांचा धाकटा भाऊ त्याच कायद्यासाठी सभा घेत होता.

"तू बोलू नगंस त्या सभंत," आण्णा म्हणाले. आता आवाज अगदी लहान झाला होता.

"का?"

"पेपरात येतंय. कोर्टात जाईल. सख्खा भाऊच म्हनतोय कायदा कडक पायजे, मग ह्येला कशाला सोडा, म्हनतील."

"आण्णा, कायदा चुकीचा आहे असं मी नाही म्हणू शकत."

"म्हन म्हनतोय कोन? गप बस म्हनतोय."

सर आण्णांच्या शेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "तू सभेला ये. मी आधी तुझी बाजू सांगेन. तू 'व्हय' म्हणालास तर माझी बोलेन. तू 'न्हाई' म्हणालास तर मी तोंड उघडणार नाही."

"आनि मी न्हाईच म्हनत बसलो तर?"

"तर मी खाली बसेन. सगळ्यांसमोर."

आण्णांनी पटका सोडून पुन्हा बांधला. "मला असलं बोलता येत असतं," ते म्हणाले, "तर तुला कशाला शिकवला असता?"

लाईट आली. लूम सुरू झाले. त्यानंतर दोघं भाऊ काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

शुक्रवारी हॉल भरला होता. कॉलेजची मुलं, सुट्टीवरचे कारागीर, कोनकडची शेतकरी माणसं, ठाण्याची मंडळी पुढच्या रांगेत. दाराशी टेबल, सह्यांचे कागद. शेठ टोपी सरळ करून अध्यक्षाच्या खुर्चीत. आणि शेवटच्या रांगेत, भिंतीपाशी, जिथे एरवी सर उभे असायचे तिथे, आण्णा. त्यामुळे असेल, पण त्या दिवशी सर पहिल्यांदा समोर उभे राहिले. त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

आधी मी बोललो. मी एवढंच मांडलं की शेतकऱ्याला पीक राखायला बंदूक द्यायची सरकारनंच, आणि जे जनावर पीक खातं त्याच्यावर ती चालवली तर गुन्हेगार ठरवायचं सरकारनंच. तर त्या माणसानं अंधारात शेतात उभं राहून करायचं काय? शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सरांकडे पाहिलं नाही.

नियमाप्रमाणे सरांनी माझी बाजू मांडायला घेतली. माझ्यापेक्षा किती चांगली मांडली. मी "होय" म्हणायला उठलो, तर त्यांनी हात वर करून मला बसवलं.

"तुझं होय मला चालणार नाही. ही बाजू ज्याची आहे, त्याचं पाहिजे." आणि शेवटच्या रांगेकडे बघून म्हणाले, "मागे माझे थोरले भाऊ बसलेत. याच कायद्याखाली त्यांच्यावर खटला चालू आहे. ते होय म्हणाले तरच मी कायद्याच्या बाजूनं बोलेन."

सगळा हॉल मागे वळला. ठाण्याच्या बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. आण्णा हलले नाहीत. मी शेठकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. त्या हॉलमध्ये आम्हा तिघाचौघांना माहीत होतं की 'बार कोणी काढला' याच्या आसपास जाणारं एकही वाक्य सरांच्या तोंडून निसटलं, तर आण्णांचा खटला इथेच संपला. आणि सरांना खोटंही बोलायचं नव्हतं.

सर बोलू लागले. पीक तयार होतं तेव्हाची गोष्ट. वर्षाची नाचणी एका रात्रीत कशी चिखल होते. "हेच का, आण्णा?"

"न्हाई."

जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाची भीती. पाणी आणायला गेलेली बाई, समोर उभं राहिलेलं हजार किलोचं जनावर. "हेच?"

"न्हाई."

शहरातली माणसं लांबून कायदे करतात, त्यांच्या ताटातला घास जात नाही. पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. "हेच?"

"न्हाई."

"चाचा, हां बोलो ना," मधून एक कारागीर ओरडला, "घर जाना है।" लोक हसले. शेठनी टेबलावर हात आपटला. बाई उठून म्हणाल्या, "सर, हे तर कधीच होय म्हणणार नाहीत. तुम्ही तुमचं बोला. लोक तुम्हाला ऐकायला आलेत." त्यांचं चुकलं नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं. नियम सरांचा, आणि त्याच नियमात आण्णांनी त्यांना बांधून टाकलं होतं.

सरांचा आवाज खाली गेला. एवढा खाली की हॉल पुढे वाकला. "आण्णा, मग राहिलं काय?"

आण्णा उठले. त्यांचा आवाज आता अजिबात मोठा नव्हता; लूमही बंद होते. "त्ये तुझं तुला ठावं पायजे," ते म्हणाले, आणि दारातून, सह्यांच्या टेबलाला वळसा घालून, निघून गेले.

सर खाली बसले. कायद्याच्या बाजूचं भाषण झालंच नाही. शेठनी सभा संपल्याचं सांगितलं. सह्यांचे बहुतेक कागद कोरेच परत गेले.

त्यानंतर भिवंडीत सरांबद्दल दोन मतं झाली. काही म्हणाले, भावाला वाचवायला गव्यांना विकलं. काही म्हणाले, भाऊ बेरका निघाला, मास्तरला त्याच्याच दाव्यानं बांधला. ठाण्याच्या बाईंनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. सरांनी कोणालाच उत्तर दिलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, ते मुद्दामच नाही म्हणाले ना?"

"त्यानं मुद्दाम काही केलेलं मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "मला काहीतरी सुटलंय. त्याला माहीत आहे. मला नाही."

ते शोधत राहिले. शिकवता शिकवता थांबायचे. मागच्या भिंतीपाशी पुटपुटायचे. पाऊस संपत आला होता, दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. एका सकाळी हजेरी चालू होती. मागून आवाज आला, "आहेस का?" एक मुलगा म्हणाला, "आहे." पुढचं नाव आलंच नाही. आम्ही बराच वेळ फळ्याकडे बघत बसलो, मग वळून पाहिलं. सर भिंतीला टेकून उभे होते, हातात हजेरीपट, आणि चेहरा असा की कोणी तरी त्यांना त्यांच्याच नावानं हाक मारली आहे आणि ते कुठे आहेत हे त्यांना आठवत नाही. मग ते दारातून बाहेर गेले. वर्ग सुटल्याचं आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते दरवर्षी भिवंडीतच राहून आमच्यासारख्यांना फुकट शिकवायचे. त्या वर्षी खोलीला कुलूप होतं. पुढच्या वर्षीही. मग त्यांनी लांबलचक रजा घेतली, आणि मग एक दिवस नोकरी सोडली. निरोप समारंभाला आले नाहीत. शेठनी खोली बरेच दिवस कोणाला दिली नाही.

मी शिक्षक झालो. नियम मीही वर्गात चालवून पाहतो. माझ्याकडे तो नीट चालत नाही. बाकी सरांची काहीच खबर नव्हती, ती अशी आली.

शेठ जुने लूम बघायला इचलकरंजीला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मला निरोप पाठवला. शुक्रवार होता, कारखाना बंद. थांबलेल्या लूमच्या मधे खुर्ची टाकून ते बसले होते.

"तुझ्या मास्तरकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "इतका लांब गेलो, म्हटला बघून यावा. डोंगरात गाव हाय. एस्टी पण अर्ध्या वाटेत सोडते."

"कसे आहेत?"

"आधी केस ऐक." त्यांनी चहा मागवला. चहा आल्यावरच पुढे बोलले. "केस लांबत लांबत गेली. वकिलानं मास्तरला साक्षीला उभा केला. शिकलेला माणूस, कोर्ट ऐकतो. त्यानं फक्त येवढाच बोलायचा होता, बंदूक नादुरुस्त होती. बस. भाऊ सुटला असता. मास्तर उभा राहिला आणि काय बोलला माहीत?"

"काय?" मी विचारलं.

"बोलला, बंदूक चालत होती. बार माझ्या भावानंच काढला. गवा मेला, वाईट झाला, आणि कायदा बरोबर हाय." शेठनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "असा भाऊ दुश्मनाला पण नको, हाय की नाय? मला पण तसाच वाटला. मग पुढे बोलला. शेत राखायला दोन माणसं लागतात. दोन टोकांना. दुसऱ्या टोकाचा माणूस मी होतो. ह्यानं मला शिकायला पाठवला, आणि मी परत गेलो नाय. ह्यानं किती तरी वर्षं वरून हाक दिली, खालून कोणी बोलला नाय. म्हणून त्यानं बंदूक घेतली. असं सगळं बोलला, आणि जजसायबाला सोडून भावाकडे वळला. आण्णा, हेच का?"

"मग?"

"वकील भावाचा सदरा ओढत होता. खाली बस, काय बोलू नको. भाऊ उभा राहिला." शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मास्तरची वहिनी मला सांगत होती, तिनं नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितला. बोलला, व्हय. ह्येच."

बाहेरून एक ट्रक गेला. तो काल्हेरच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत राहिला. शुक्रवारी नारपोलीत सगळं ऐकू येतं.

"शिक्षा झाली," शेठ म्हणाले. "बंदूक गेली. भाऊ आत होता तोपर्यंत मास्तर आणि वहिनी शेत राखत होती. वहिनी वर, मास्तर खाली. आता भाऊ सुटून आलाय. मी त्यांच्याकडे मुक्काम केला. दिवस मावळायला मास्तर मला शेतावर घेऊन गेला आणि बोलला, इथे बसा, हलू नका. जंगलातून ती काळी जनावरं आली. मी तर कलमा पढायला लागलो. पुढे एक म्हातारी. उभी राहिली. ऐकत होती. मग वरून भावानं हाक मारली, हाईस का रं?"

"आणि सर?"

"मास्तर खालच्या टोकाला. भावानं हाक मारल्याशिवाय बोलत नाय. हाक आली की मग बोलतो."

"बोलतात म्हणजे?" मी विचारलं. "ओरडतात?" मला ते चित्र डोळ्यांसमोर येत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही सरांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

शेठनी कप खाली ठेवला आणि थांबलेल्या लूमच्या रांगेवरून नजर फिरवली.

"ओरडतो," ते म्हणाले. "हे सगळे चालू असते ना, तरी ऐकू आला असता. म्हातारी वळली."